जुन्या मोटारीचा हिशेब

मोटार घेताना मध्यमवर्गीय कुटुंबात जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मीही ती मोडीत काढताना होत नाही. घेताना चार ठिकाणी चौकशी होते, बँकांच्या व्याजदरांची तुलना होते, रंगावरून घरात दोन तट पडतात. मोडीत काढण्याचा निर्णय मात्र बहुधा एखाद्या दुपारी, गॅरेजच्या बाकावर बसून, मिस्त्रीने पाठकोऱ्या कागदावर लिहिलेल्या आकड्याकडे पाहत घेतला जातो. तो आकडा पाहून काही माणसे तडकाफडकी गाडी विकतात, तर काही तितक्याच तडकाफडकी खिशात हात घालतात. आश्चर्य हे की, या दोन्ही निर्णयांमागचा हिशेब पुष्कळदा चुकीचा असतो. निर्णय बरोबर ठरलाच तर तो योगायोगाने.

तालुक्याच्या गावी राहणारे एखादे निवृत्त मुख्याध्यापक उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावेत. त्यांनी २०१० साली भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून एक लहान पेट्रोल मोटार घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. मुदत संपली की गाडी परिवहन कार्यालयात तपासून घ्यावी लागते आणि ती योग्य ठरल्यास नोंदणी पाच वर्षांनी वाढते. लोकभाषेत याला पासिंग म्हणतात. २०२५ साली मुख्याध्यापकांनी गाडी पासिंगला नेली. निरीक्षकाने चासी क्रमांकाचा छाप ताडून पाहिला, दिवे लावायला सांगितले, स्टिअरिंग हलवून पाहिले, ब्रेक दाबायला लावले आणि त्रुटींची यादी सांगून गाडी परत पाठवली. हँडब्रेक धरत नाही, पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले आहेत, उजवा हेडलाइट मंद आहे, स्टिअरिंगला ढिलाई आहे, सायलेन्सर गळतो आहे. गॅरेजात मिस्त्रीने या यादीत स्वतःच्या पसंतीच्या क्लचप्लेटची भर घातली आणि एकूण ४२ हजारांचा अंदाज दिला. वर म्हणाला, "सर, खरं सांगू का? आज विकायला काढली तर चाळीससुद्धा कोणी देणार नाही. त्यापेक्षा यात थोडी भर घाला, नव्या गाडीचं डाउनपेमेंट होतंय."

मिस्त्रीचे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. चाळीस हजारांच्या वस्तूवर बेचाळीस हजार कोण खर्च करील? परंतु या युक्तिवादात तुलनेचे माप चुकलेले आहे. बाजारात गाडीला काय किंमत येते, हा तिच्या विक्रेत्याचा प्रश्न होय. मुख्याध्यापकांना गाडी विकायची नसून तिच्यातून ये-जा करायची आहे. तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी न करता, तेवढीच ये-जा दुसऱ्या मार्गाने करण्यास जो खर्च येईल त्याच्याशी केली पाहिजे. वाड्याचे छप्पर गळू लागले तर जुन्या कौलांना बाजारात काय भाव येतो हे कोणी विचारीत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक तितकीच प्रचलित आहे. "गेल्याच वर्षी इंजिनकामाला तीस हजार घातले, आता कशी टाकायची?" हे वाक्य ऐकले नाही असे गॅरेज महाराष्ट्रात सापडणार नाही. अर्थशास्त्रात अशा रकमेला बुडीत खर्च म्हणतात. गाडी ठेवली काय नि विकली काय, ते तीस हजार परत येणार नाहीत. म्हणून पुढील निर्णयात त्यांना स्थान नाही. गेल्या वर्षीच्या इंजिनकामामुळे यंदाचा खर्च कमी होणार असेल, तर ती बचत हिशेबात धरावी. खर्च केल्याचे दुःख धरू नये. हे तत्त्व पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही ते आठवत नाही.

मग हिशेब करावयाचा कसा? नोंदणीची फी व पर्यावरण कर धरून मुख्याध्यापकांचा एकंदर खर्च ५० हजार होईल असे मानू. गाडी आणखी निदान तीन वर्षे चालेल असे धरल्यास वर्षाला सुमारे १७ हजार पडतात. किरकोळ दुरुस्त्यांसाठी वर्षाला १८ हजार, केवळ त्रयस्थ जोखमीच्या विम्यासाठी अडीच हजार, आणि गाडीची उरलीसुरली किंमत झिजणे व त्या रकमेवरचे व्याज बुडणे यांसाठी १३ हजार धरावेत. मुख्याध्यापक वर्षाला ४ हजार किलोमीटर हिंडतात. जुनी गाडी लिटरला बारा किलोमीटर देते. पेट्रोलचा दर १०५ रुपये मानल्यास पेट्रोलचे ३५ हजार होतात. सर्व मिळून ८५ हजारांच्या आसपास.

आता नवी गाडी. तिची किंमत ६ लाख. हे पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ४२ हजार व्याज मिळाले असते. योगायोग असा की, दुरुस्तीच्या ज्या आकड्याने मुख्याध्यापक दचकले, तोच हा आकडा. फरक इतकाच की तो कोणी कागदावर लिहून हातात देत नाही, म्हणून खुपत नाही. किमतीतील घट वर्षाला सरासरी ४५ हजार, संपूर्ण विमा १८ हजार, देखभाल ६ हजार. नवी गाडी लिटरला अठरा किलोमीटर देईल, म्हणून पेट्रोल २३ हजारांचे. बेरीज १ लाख ३४ हजार. म्हणजे पेट्रोलमध्ये वर्षाला १२ हजार वाचवण्यासाठी मुख्याध्यापक एकंदरीत जवळजवळ ५० हजार जास्त मोजणार.

हेच मुख्याध्यापक रोज दूरच्या गावी नोकरीला जाणारे असते आणि वर्षाला १५ हजार किलोमीटर गाडी चालवीत असते, तर चित्र पालटले असते. जुन्या गाडीचे पेट्रोल १ लाख ३१ हजारांवर जाते, दुरुस्त्याही वीसेक हजारांनी वाढतात. एकूण खर्च दोन लाखांवर पोहोचतो. नव्या गाडीचा खर्च वाढलेली झीज धरून २ लाख १२ हजारांच्या घरात जातो. अंतर उरते दहा-अकरा हजारांचे. पहाटे सातच्या तासाला घाटात गाडी बंद पडण्याचे प्रसंग वर्षातून दोन-चार आले, तर तेवढेही उरत नाही. येथील आकडे अंदाजाचे आहेत आणि प्रत्येक घरात ते निराळे असणार. परंतु गाडीच्या वयापेक्षा तिच्या वापरावर निर्णय अधिक अवलंबून असतो, ही गोष्ट आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी बदलत नाही. जी गाडी बहुतेक दिवस उभी असते, ती जुनीच असलेली परवडते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. जो कमी हिंडतो त्याच्यापाशी साठलेले पैसे असतात, म्हणून तो नवी गाडी घेतो. जो जास्त हिंडतो तो जुनी रेटीत राहतो.

हा प्रश्न किरकोळ वाटला तरी अर्थशास्त्राच्या एका गाजलेल्या निबंधाचा तो विषय आहे. अमेरिकेतील मॅडिसन शहराच्या बस कंपनीत हॅरल्ड झुर्चर नावाचे देखभाल अधीक्षक होते. बसचे इंजिन केव्हा बदलायचे आणि केव्हा तसेच चालवायचे, हे ते ठरवीत. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने दीडशेहून अधिक बसगाड्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी घेऊन १९८७ साली त्यांच्या निर्णयांची गणिती मांडणी केली. (इंग्रजीत रस्ट म्हणजे गंज, जुन्या गाड्यांच्या अभ्यासकाला याहून समर्पक आडनाव मिळाले नसते.) इंजिन आज बदलले तर मोठा खर्च आज होतो; नाही बदलले तर दर महिन्याचा देखभालीचा खर्च आणि ऐन रस्त्यात बंद पडण्याचा धोका वाढत जातो. या दोहोंचा तोल साधणारा क्षण अधीक्षक निवडीत होते, असे गृहीत धरले तर त्यांचे निर्णय बऱ्याच अंशी समजावून देता येतात, असे रस्ट यांना दिसले. आपल्या एस.टी.च्या आगारांतही अशी जाणती माणसे पिढ्यान्पिढ्या झाली. त्यांच्यावर निबंध मात्र कोणी लिहिला नाही.

अधीक्षकांपाशी नोंदवही होती. घरगुती मालकापाशी ती नसते, आणि त्याची खरी अडचण येथेच आहे. तीन वर्षांत गॅरेजला एकूण किती दिले, हे विचारल्यावर बहुतेकांना आठवतो तो शेवटचा मोठा खर्च. धान्याची, दुधाची, वर्तमानपत्राची नोंद ठेवणारे घर गाडीच्या पावत्या पुढच्या कप्प्यात कोंबून ठेवते.

जुनी विकून जुनीच, पण जरा बरी, घ्यावी असाही एक मार्ग सुचवला जातो. त्या मार्गावर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवलेला खड्डा आहे. जुन्या गाडीच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा म्हणून सावधपणे सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, वाईट गाडी विकणे परवडते. परिणामी बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते आणि भाव आणखी उतरतो. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. ज्या गाडीचा प्रत्येक आवाज पंधरा वर्षे ऐकला आहे, तिच्याविषयीचे ज्ञान हीच एक मालमत्ता होय, आणि गाडी विकताना या मालमत्तेचा एक पैसाही मिळत नाही. शिवाय मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि चिपळुणात जुलै २०२१ मध्ये आलेल्या पुरांत कितीतरी गाड्या बुडाल्या. वायरिंगमध्ये शिरलेले असे पाणी वरच्या रंगावरून ओळखता येत नाही.

परंतु स्वतःच्या गाडीविषयीच्या ज्ञानालाही एक मर्यादा आहे, आणि ती गाडीच्या पोटाखाली असते. निरीक्षकाने काढलेल्या दोषांचे दोन वर्ग पाडले पाहिजेत. ब्रेकचे लायनर, टायर, दिवे, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, सायलेन्सर हे सारे झिजणारे भाग होत. ते बदलले की तो दोष निघून जातो. गाडी जुनी असल्यामुळे नवा टायर लवकर झिजत नाही. गंजाची गोष्ट वेगळी. आजच्या बहुतेक लहान मोटारींना ट्रकसारखी स्वतंत्र चासी नसते. पत्र्याची घडीव काया हाच तिचा सांगाडा असतो. दरवाज्यांखालच्या पट्ट्या, पायांखालचा तळ, सस्पेन्शन जिथे जोडलेले असते त्या जागा जर गंजल्या असतील, तर वर मारलेला पत्रा आणि त्यावरचे पुट्टी-रंगकाम केवळ डोळ्यांचे समाधान करते. अपघाताचा दणका त्या रंगाला सोसत नाही.

या बाबतीत देश आणि कोकण यांत मोठा फरक पडतो. सोलापूर-नगरकडची गाडी उन्हाने फिकटते, तिचे रबर तडकते, डॅशबोर्ड चिरतो. पण पत्रा बहुधा शाबूत राहतो. रत्नागिरी-मालवणची, किंवा मुंबईत समुद्राच्या अंगाला उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिला आतून पोखरतात. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांचे आयुष्य असे पाच-सात वर्षांनी वेगळे असू शकते. म्हणून दुरुस्तीचा अंदाज घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून तळ पाहणे, आणि संशयित जागी पेचकस टोचून पाहणे, ही या प्रकरणातील सर्वांत स्वस्त तपासणी आहे. ती अनेकदा सर्वांत शेवटी, निम्मे पैसे खर्च झाल्यावर केली जाते.

येथवरचा विचार मालकाच्या खिशाचा झाला. पण धरत नसलेला ब्रेक हा केवळ मालकाचा प्रश्न नव्हे. उतारावर ती गाडी ज्याच्या अंगावर जाईल, त्याने दुरुस्तीचे पैसे वाचवलेले नसतात. खासगी बचतीची किंमत रस्त्यावरच्या त्रयस्थाला मोजावी लागते, म्हणूनच राज्यसंस्था मध्ये पडते. ब्रिटनने जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू केली. आरंभी ती दहा वर्षांवरील गाड्यांसाठी होती; पुढे १९६७ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर आली. जपानात नव्या मोटारीची तपासणी तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते, आणि ती इतकी खर्चिक असते की पुष्कळ मालक तपासणीची तारीख जवळ आली की गाडीच काढून टाकतात. या धडधाकट गाड्या पुढे केनियासारख्या देशांत वर्षानुवर्षे धावतात. जपानी मालकाला जी गाडी टाकाऊ वाटते ती केनियातल्या मालकाला टिकाऊ वाटते, याचे कारण दोन देशांतील मजुरीच्या दरांत आहे. जिथे मिस्त्रीचा तास महाग तिथे गाडी लवकर म्हातारी होते.

आपल्याकडे मिस्त्रीचा तास आजवर स्वस्त होता, आणि गाडी दुर्मिळ. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, तोपर्यंत फियाट किंवा अँबॅसेडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा टंचाईत जुनी गाडी टाकून देणे कोणालाच सुचण्यासारखे नव्हते. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर जुन्या सुट्या भागांचा जो बाजार उभा राहिला, तो या टंचाईचेच अपत्य. आता दोन्ही बाजू बदलत आहेत. गाडी हप्त्यावर कोणालाही मिळते. उलट कानाने इंजिनाचा दोष ओळखणारा मिस्त्री दुर्मिळ होऊ लागला आहे, आणि नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक खोके उघडून दुरुस्त होत नाही, सबंध बदलावे लागते. २०१० च्या गाडीला लागू पडणारा हिशेब २०२५ ची गाडी पंधरा वर्षांची होईल तेव्हा लागू पडेलच असे नाही.

सरकारचे धोरण या सर्व गुंतागुंतीत कोठे बसते? ऑगस्ट २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य मिळावे, त्या दाखल्यावर नव्या खासगी गाडीच्या करात राज्यांनी २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, अशी त्यातील योजना. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती १० हजार करण्यात आली. तपासणीला खर्च येतो, फी असावी, हे मान्य. परंतु सुस्थितीतील आणि खिळखिळी अशा दोन्ही गाड्यांना सारखीच पडणारी फी ही तपासणीची राहत नाही. ती वयावरचा कर होते. तिच्या धाकाने गाडी दुरुस्त होत नाही. उलट पासिंगच टाळण्याकडे गरजू मालकाचा कल वाढतो, आणि जिची तपासणी सर्वांत जरूर आहे ती गाडी तपासणीविना आडरस्त्याने फिरत राहते. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्याचे टायर चढवून आणण्याच्या ज्या कथा गॅरेजांतून ऐकू येतात, त्यांचे मूळही यातच आहे.

वय हा नियम प्रशासनाला सोयीचा असतो, कारण वय कागदावर वाचता येते. गाडीची स्थिती गाडीजवळ जाऊनच पाहावी लागते. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आली आणि त्या नियमाने शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीला असा नियम समजू शकतो, कारण तिचे वय आणि तिची धाव हातात हात घालून चालतात. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा व पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, ती तेथील हवेच्या असह्य स्थितीमुळे. तरीही २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. धुराचा मुद्दा खोटा नाही. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ गाड्यांचा धूर जुन्यांच्या मानाने पुष्कळ स्वच्छ आहे. परंतु धूर तरी किलोमीटरमागे निघतो, वर्षामागे नव्हे.

अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाडीच्या बदल्यात साडेतीन ते साडेचार हजार डॉलर देण्याची योजना काढली. सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च झाले आणि पावणेसात लाखांहून अधिक गाड्या मोडीत गेल्या. अट अशी होती की गाडी चालती असली पाहिजे. चालत्या गाड्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ती मुद्दाम गोठवण्यात आली. आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात नंतर दिसले की, त्या उन्हाळ्यात ज्यांनी नव्या गाड्या घेतल्या त्यांतील बहुतेकांनी त्या पुढील काही महिन्यांत घेतल्याच असत्या. खरेदी वाढली नाही, फक्त आधी झाली. मंदीतून सावरण्याचा उपाय म्हणून जे केले गेले, त्याचा गरीब ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, त्याने घेतल्या असत्या अशा हजारो जुन्या गाड्या बाजारातून नाहीशा झाल्या.

मुख्याध्यापकांसमोर यातले काहीच नसते. त्यांच्यासमोर असतो पाठकोरा कागद, आणि त्यावर दोन याद्या एकत्र झालेल्या असतात: निरीक्षकाने सक्तीने सांगितलेली आणि मिस्त्रीने सल्ल्यादाखल जोडलेली. त्या वेगळ्या लिहून घेतल्या, तर बेचाळीस हजारांतील कोणते पैसे आज द्यावेच लागतील आणि कोणते थांबू शकतात, हे पाच मिनिटांत कळते. गाडी लिफ्टवर चढली, मिस्त्रीने दरवाज्याखालच्या पट्टीत आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडापाशी पेचकस टोचून पाहिला, आणि पत्रा टणक लागला, तर ब्रेक, टायर, दिवा, स्टिअरिंग आणि सायलेन्सर यांचे काम सांगून मुख्याध्यापकांनी खुशाल घरी जावे. क्लचप्लेटचे दिवाळीनंतर बघता येईल.